बेंगळुरूच्या प्लेगशी झुंजलेले डॉ. पल्पू

बेंगळुरू : ऑगस्ट १८९८ मध्ये प्लेगने बंगळूर शहरात पाऊल ठेवले. मुंबई आणि पुणे या शहरांना दोन वर्षे छळून ही साथ हुबळी-धारवाडमार्गे रेल्वेच्या रुळांवरून दक्षिणेकडे सरकली होती. १८९१ च्या जनगणनेत पेठ आणि लष्कर मिळून बंगळूरची लोकसंख्या सुमारे १ लाख ८० हजार होती. १९०१ मध्ये ती सुमारे १ लाख ५९ हजारांवर आली. मृत्यू आणि स्थलांतर या दोन्हींचा हा परिणाम होता. घरेदारे ओस पडली, बाजार थंडावले आणि ज्यांना शक्य होते त्यांनी शहर सोडले. त्या दिवसांत रुग्णांच्या छावण्यांत उभे राहून काम करणाऱ्या म्हैसूर संस्थानच्या डॉक्टरांमध्ये पस्तिशीच्या उंबरठ्यावरचे एक गृहस्थ होते. त्यांचे नाव पद्मनाभन पल्पू. केरळमध्ये डॉ. पल्पू हे नाव आजही सामाजिक परिवर्तनाच्या इतिहासात अग्रभागी घेतले जाते. ज्या बेंगळुरूने त्यांना डॉक्टर म्हणून काम करू दिले, तेथे आणि उर्वरित भारतात मात्र त्यांचे आयुष्य तितकेसे परिचित नाही.

ते परिचित असावे, याला कारण आहे. पल्पू यांचे शिक्षण, नोकरी आणि लढा या तिन्हींचा धागा एकाच प्रश्नाशी जोडलेला होता : रोग माणसामाणसांत भेद करीत नाही, मग रोगाशी लढणारी व्यवस्था तो का करते? इन्फ्लुएन्झा, प्लेग आणि अलीकडच्या कोविडच्या अनुभवानंतर वैद्यकीय संशोधन ज्या विषमतेचा हिशेब मांडते आहे, त्या विषमतेची झळ पल्पू यांनी स्वतः सोसली होती.

पेट्टा ते मद्रास

पल्पू यांचा जन्म २ नोव्हेंबर १८६३ रोजी तिरुवनंतपुरमच्या पेट्टा भागात एका एझवा कुटुंबात झाला. त्रावणकोर संस्थानात एझवा समाज संख्येने मोठा होता. शेती, माडाची लागवड, ताडी काढणे आणि काथ्या वळणे हे त्याचे परंपरागत व्यवसाय मानले जात. समाजव्यवस्थेत मात्र त्याचे स्थान अस्पृश्याचेच होते. देवळांचे दरवाजे बंद, देवळांभोवतालचे अनेक रस्ते बंद आणि सवर्णांपासून ठराविक अंतर राखूनच चालण्याचा दंडक, अशी स्थिती होती. सरकारी शाळा आणि सरकारी नोकऱ्या याही बव्हंशी त्याच्या आवाक्याबाहेर होत्या.

या समाजाचा वैद्यकाशी संबंध मात्र जुना होता. एझवांमध्ये वैद्यांची घराणी पिढ्यान्‌पिढ्या चालत आली होती. सतराव्या शतकात डच अधिकाऱ्यांनी मलबारच्या वनस्पतींवर जो बारा खंडांचा प्रसिद्ध लॅटिन ग्रंथ सिद्ध केला, त्याला माहिती पुरविणाऱ्यांत इट्टी अच्युतन हे एझवा वैद्य प्रमुख होते. त्याच ग्रंथात रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट या कोकणी ब्राह्मण वैद्यांची साक्ष नागरी लिपीत छापलेली आहे. वनस्पतीच्या पानामुळांशी दोन्ही बाजूंच्या वैद्यांचा व्यवहार सारखाच होता. त्यांच्या वंशजांना मिळालेला समाजातला मान मात्र सारखा नव्हता.

पल्पू यांनी इंग्रजी शिक्षण कष्टाने घेतले. थोरले बंधू वेलायुधन हे त्यांच्या समाजातील आरंभीच्या पदवीधरांपैकी एक. पदवी मिळूनही त्यांना त्रावणकोरमध्ये नोकरी मिळाली नाही आणि त्यांनी मद्रास सरकारची चाकरी पत्करली. धाकट्या भावाच्या वाट्याला यापेक्षा वेगळे काही येणार नव्हते. त्रावणकोर सरकारच्या वैद्यकीय अभ्यासक्रमासाठी झालेल्या परीक्षेत पल्पू वरच्या क्रमांकाने उत्तीर्ण झाले. तरीही प्रवेश नाकारण्यात आला. खरे कारण जात हेच होते.

१८८५ मध्ये ते मद्रास मेडिकल कॉलेजात दाखल झाले. घरची परिस्थिती ओढगस्तीची होती. भावाचा आधार आणि स्वतःची जिद्द यांच्या बळावर त्यांनी शल्य व वैद्यक या विषयांतील एल.एम.एस. ही पात्रता मिळविली. पात्र डॉक्टर होऊन ते पुन्हा त्रावणकोर सरकारच्या दारात उभे राहिले. संस्थानाला डॉक्टरांची गरज होती, समोर अर्हताप्राप्त डॉक्टर होता आणि तो त्याच भूमीचा पुत्र होता. तरीही नकारच मिळाला.

देवीची लस आणि स्पर्शाचा प्रश्न

पल्पू यांनी मद्रास सरकारच्या लसीकरण खात्यात काम स्वीकारले आणि पुढे म्हैसूर संस्थानच्या सेवेत बंगळूर येथे लसनिर्मितीच्या कामावर ते रुजू झाले. त्या काळी लस म्हणजे प्रामुख्याने देवीची लस. भारतात ती पहिल्यांदा टोचली गेली ती मुंबईत, १४ जून १८०२ रोजी, ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला. त्यानंतर अनेक दशके ही लस एका माणसाच्या दंडावरून दुसऱ्याच्या दंडावर, अशा साखळीने पोहोचविली जाई. एका मुलाच्या दंडावर उठलेल्या फोडातील द्रव दुसऱ्या मुलाला टोचायचा, आठवडाभराने त्याच्या फोडातला तिसऱ्याला. साखळी तुटली की लसही संपली. या पद्धतीत एकाचा रोग दुसऱ्याला जडण्याचा धोका होता आणि दुसऱ्या जातीच्या शरीरातील द्रव आपल्या मुलाच्या अंगात जाणार, या कल्पनेने अनेक घरे लसीकरण करणाऱ्याला दार उघडीत नसत.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात यावर उपाय निघाला. वासराच्या पोटावरील केस काढून तेथे लस टोचायची, काही दिवसांनी उठलेल्या फोडांतील लस खरवडून घ्यायची, ती ग्लिसरीनसारख्या द्रव्यात घोटून नळ्यांत भरायची आणि गावोगाव पाठवायची, अशी ही रीत होती. स्वच्छता, मोजमाप आणि थंडावा या तिन्हींवर कामाचे यश अवलंबून असे. उष्णतेने लस निकामी होई. म्हणून ती कुठे तयार होते आणि किती दिवसांत पोहोचते, याला महत्त्व आले. बंगळूरची थंड हवा या कामाला अनुकूल होती. पुढे विसाव्या शतकाच्या प्रारंभी बेळगावातही लसनिर्मितीचे केंद्र उभे राहिले. तेथील व्हॅक्सिन डेपोचा परिसर सीमाभागातील मराठी माणसाला आजही त्याच नावाने ठाऊक आहे.

या कामात एक विसंगती दडलेली होती. ज्या माणसाची सावलीही मायदेशात विटाळ मानली जात होती, त्याच्या देखरेखीखाली तयार होणारी लस म्हैसूर संस्थानातील सर्व जातींच्या मुलांच्या दंडांत जात होती. लसीच्या नळीवर ती कोणी घोटली, हे लिहिलेले नसते. म्हैसूरने त्यांची पात्रता पाहिली. दिवाण शेषाद्री अय्यर यांच्या कारकिर्दीत संस्थानचे प्रशासन आधुनिक वळण घेत होते आणि पल्पू यांच्यासारख्या माणसाला तेथे वाव मिळाला. शंभर मैलांवरची नव्हे, पण शेजारच्याच म्हणाव्या अशा एका संस्थानातली ही वागणूक पाहिल्यावर, त्रावणकोरमध्ये जे चालले होते ते अटळ नाही, याची खूणगाठ त्यांच्या मनात पक्की बसली असली पाहिजे. कारण पुढची सारी वर्षे त्यांनी त्रावणकोर सरकारला अर्जामागून अर्ज पाठविले.

अर्जांची लढाई

जानेवारी १८९१ मध्ये त्रावणकोरच्या महाराजांना मल्याळी मेमोरियल या नावाने ओळखले जाणारे निवेदन सादर झाले. दहा हजारांहून अधिक लोकांच्या सह्या त्यावर होत्या आणि अग्रभागीच्या सह्यांमध्ये पल्पू यांची सही होती. संस्थानातील वरिष्ठ नोकऱ्या बाहेरून आलेल्या ब्राह्मणांच्या हाती एकवटल्या असून स्थानिकांना डावलले जाते, ही त्यातील मुख्य तक्रार होती. मराठी वाचकाने या इतिहासाकडे नजर चुकवून जाता कामा नये. कारण तंजावरच्या मराठी घराण्यांतील कर्तबगार माणसे त्रावणकोरच्या दिवाणपदापर्यंत पोहोचली होती. १८५८ ते १८७२ या काळात दिवाण असलेले सर टी. माधवराव त्यांतलेच, निवेदन सादर झाले तेव्हाचे दिवाण टी. रामराव हेही त्यांतलेच. त्यांच्या प्रशासनकौशल्याविषयी वाद नाही. ज्या चौकटीत ते कारभार करीत होते, तीत एझवा डॉक्टरला जागा नव्हती, हेही तितकेच खरे.

निवेदनाला मिळालेले उत्तर निराशाजनक होते. एझवांच्या बाबतीत सरकारचे म्हणणे असे होते, की हा समाज शिक्षणात मागे आहे आणि आपल्या परंपरागत धंद्यांत समाधानी आहे. मद्रासहून डॉक्टर होऊन आलेल्या माणसाच्या अर्जावर हे उत्तर दिले जावे, यातला विरोधाभास पल्पू यांनी नेमका हेरला. त्यांनी आकडेवारी आणि कागदपत्रे गोळा करायला सुरुवात केली. आपला आणि आपल्या भावाचा अनुभव, शाळांतून परत पाठविलेली मुले, नाकारलेले अर्ज, असा सारा पुरावा त्यांनी जमविला आणि त्रावणकोरमधील आपल्या समाजाला मिळणाऱ्या वागणुकीवर इंग्रजी पुस्तिका प्रसिद्ध केली. रोग्याची लक्षणे टिपावीत तशी ही नोंद होती. शोषणाची तक्रार भावनेच्या भरात नव्हे तर दाखल्यांसह मांडायची, ही त्यांची पद्धत त्यांच्या पेशाला साजेशी होती.

१८९६ मध्ये पल्पू यांच्या पुढाकाराने एझवा मेमोरियल तयार झाले. १३ हजार १७६ जणांच्या सह्यांचे हे निवेदन ३ सप्टेंबर १८९६ रोजी महाराजांना सादर करण्यात आले. सरकारी शाळांत प्रवेश आणि सरकारी नोकरीत संधी या त्याच्या मागण्या होत्या. मलबारमध्ये, म्हणजे थेट ब्रिटिश अमलाखालील भागात, याच समाजातील माणसे सरकारी पदांवर काम करीत होती. धर्मांतर केल्यास त्रावणकोरमध्येही वाट मोकळी होत होती. मग आपल्या धर्मात राहणाऱ्यानेच काय पाप केले, असा या निवेदनाचा रोख होता. याही वेळी ठोस असे काही हाती लागले नाही. पल्पू यांनी प्रश्न मद्रासच्या वृत्तपत्रांपर्यंत आणि इंग्लंडपर्यंत नेला. पुढे व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन यांच्यापुढेही निवेदन ठेवण्यात आले.

या सगळ्या काळात ते म्हैसूरचे नोकर होते. दिवसा लसीचे आणि आरोग्याचे काम आणि उरलेल्या वेळात अर्ज, पत्रे, सह्या व देणग्या, असा त्यांचा क्रम होता. पगाराचा मोठा भाग चळवळीत जात असे.

बंगळूरच्या घरातील पाहुणे

१८९२ च्या अखेरीस स्वामी विवेकानंद भारतभ्रमण करीत बंगळूरला आले, तेव्हा पल्पू यांची त्यांच्याशी भेट झाली. केरळमधील जातिभेदाची हकीगत त्यांनी स्वामीजींना सांगितली. भारतीय समाजाला हलवायचे असेल तर चळवळीला आध्यात्मिक अधिष्ठान असले पाहिजे आणि त्या समाजातूनच तसा पुरुष पुढे आला पाहिजे, असा सल्ला पल्पू यांना या भेटीत मिळाल्याचे सांगितले जाते. तसा पुरुष केरळात होता. १८८८ मध्ये अरुविप्पुरम येथे शिवलिंगाची स्थापना करून, देवप्रतिष्ठेचा अधिकार एका जातीचा नाही हे कृतीने दाखविणारे नारायण गुरू हे ते पुरुष होत. गुरूंशी पल्पू यांचे नाते दृढ झाले.

१८९५ मध्ये गुरूंबरोबर एक तरुण शिष्य बंगळूरला आला आणि पल्पू यांच्या घरी राहू लागला. घरच्यांनी त्याला चिन्नस्वामी, म्हणजे छोटे स्वामी, असे नाव दिले. पल्पू यांच्या प्रयत्नाने त्याला श्री चामराजेंद्र संस्कृत कॉलेजात प्रवेश मिळाला आणि तो तेथे न्यायशास्त्र शिकू लागला. हाच तरुण पुढे कुमारन आशान या नावाने मल्याळम कवितेतील युगप्रवर्तक कवी झाला. त्याच वर्षी बंगळूरमध्येच पल्पू यांच्या पुत्राचा जन्म झाला. नटराज गुरू या नावाने तो नारायण गुरूंच्या शिष्यपरंपरेतील मान्यवर तत्त्वज्ञ ठरला.

हे घर, हे शिक्षण आणि हा शांत दिनक्रम १८९८ मध्ये प्लेगने विस्कटून टाकला. कुमारन आशान यांना शिक्षण अर्धवट सोडून बंगळूर सोडावे लागले. पल्पू यांच्या साहाय्याने त्यांनी पुढे कोलकात्यात संस्कृतचे अध्ययन चालू ठेवले. शिष्य गेला, डॉक्टर मात्र शहरातच राहिला.

प्लेगच्या छावणीत

प्लेगचा जंतू १८९४ मध्ये हाँगकाँगच्या साथीत ओळखला गेला होता. मुंबईत सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस या मूळच्या गोमंतकीय डॉक्टरांनी साथीचे निदान केले आणि जानेवारी १८९७ मध्ये वाल्डेमार हाफकिन यांनी मुंबईतच प्लेगवरील लस तयार करून प्रथम स्वतःला टोचून घेतली. उंदरावरील पिसवांमधून हा रोग माणसाकडे येतो, ही कल्पना १८९८ मध्ये नुकतीच मांडली जात होती आणि ती सर्वमान्य व्हायला आणखी काही वर्षे जावी लागली. म्हणजे बंगळूरला साथ आली तेव्हा डॉक्टरांना शत्रूचे नाव ठाऊक होते; त्याची वाट ठाऊक नव्हती.

मग जे हाती होते ते उपाय झाले. रेल्वे स्थानकांवर प्रवाशांची तपासणी, रोग्यांना शहराबाहेरच्या छावणीत हलविणे, त्यांच्या सहवासातील माणसांना वेगळे ठेवणे, घरांची कौले काढून ऊन-वारा आत सोडणे, जंतुनाशकांची फवारणी आणि लस टोचणे, असे त्यांचे स्वरूप होते. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा झाला होता आणि त्याने अधिकाऱ्यांच्या हाती अमर्याद म्हणावे असे अधिकार दिले होते. पुण्यात या अधिकारांचा वापर कसा झाला, घरांत सोजीर कसे शिरले आणि त्याचा शेवट २२ जून १८९७ च्या रँडवधात कसा झाला, हे महाराष्ट्राला सांगायला नको. त्याच पुण्यात त्याआधी काही महिने सावित्रीबाई फुले यांनी प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना १० मार्च १८९७ रोजी देह ठेवला होता. साथ हाताळण्याच्या दोन रीती एकाच शहराने तीन-चार महिन्यांच्या अंतराने पाहिल्या होत्या.

म्हैसूर संस्थानने प्लेग निवारणाची सूत्रे प्लेग कमिशनर म्हणून व्ही. पी. माधवराव यांच्याकडे दिली. तेही कुंभकोणमच्या मराठी घराण्यातले. छावण्यांच्या कामावर नेमल्या गेलेल्या डॉक्टरांत पल्पू होते. हे काम जिवावरचे होते. छावणीत येणारे बहुतेक रोगी अखेरच्या अवस्थेत असत. कोणाच्या काखेत, कोणाच्या जांघेत गाठ. अंगात फणफणता ताप. दोन-चार दिवसांत निकाल. नातेवाईक भीतीने पळून गेलेले, अंत्यसंस्काराला माणूस मिळेनासा झालेला. जातीचे सोवळेओवळे मानणाऱ्या घरांतील रोग्यांनाही शेवटी ज्या हातांनी पाणी पाजले ते हात कोणाचे, हे विचारण्याची स्थिती उरलेली नसे.

बंगळूरने या साथीतून काही धडे घेतले आणि ते विटा-मातीत उमटले. जुन्या पेठेतील अरुंद बोळ आणि कोंदट घरे ही साथीची घरे ठरली होती. मल्लेश्वरम आणि बसवनगुडी या वसाहती त्या दशकात वाढल्या. रुंद रस्ते, घरांमध्ये मोकळी जागा आणि सफाईसाठी मागून जाणारे बोळ अशी त्यांची रचना होती. डिसेंबर १९०० मध्ये व्हिक्टोरिया रुग्णालय सुरू झाले. शहराच्या जुन्या भागांतील प्लेगम्माची छोटी देवळे त्या भयाची खूण म्हणून अजूनही उभी आहेत.

प्लेगच्या कामानंतर पल्पू उच्च शिक्षणासाठी इंग्लंडला गेले. म्हैसूर सरकारच्या पाठबळाने त्यांनी तेथे सार्वजनिक आरोग्यशास्त्राचा अभ्यास केला. परतल्यावर बंगळूर शहराच्या आरोग्य अधिकाऱ्याची जबाबदारी त्यांच्याकडे आली. पाणी, गटारे, कचरा, बाजारातील अन्न, जन्ममृत्यूची नोंद आणि लसीकरण हे सारे या पदाच्या कक्षेत येई. हे काम नजरेत भरणारे नसते, ते यशस्वी झाले की काहीच घडत नाही, आणि काही न घडणे हेच त्याचे फळ असते.

योगम आणि उत्तरायुष्य

१५ मे १९०३ रोजी श्री नारायण धर्म परिपालन योगम या संस्थेची नोंदणी झाली. नारायण गुरू अध्यक्ष, कुमारन आशान चिटणीस आणि संघटनेमागची चालना डॉ. पल्पू यांची, अशी ही त्रयी होती. अर्जांच्या मर्यादा पल्पू यांना पुरत्या कळल्या होत्या. मागणाऱ्याच्या पाठीशी संघटना नसेल तर सह्या कागदावरच राहतात, हे १८९१ आणि १८९६ या दोन्ही वर्षांनी शिकविले होते. योगमने शाळा काढल्या, विवाहादी विधींवरील उधळपट्टीला विरोध केला आणि १९०५ मध्ये कोल्लम येथे उद्योग प्रदर्शन भरविले. शिक्षण आणि उद्योग यांशिवाय समाजाचे आरोग्य सुधारत नाही, ही पल्पू यांची धारणा होती. ताडीवर जगणाऱ्या समाजाला दुसरे उत्पन्न मिळावे म्हणून त्यांनी स्वतः उद्योगांत पैसा घातला. त्यात नुकसानही सोसले.

योगायोग असा, की प्लेग कमिशनर असलेले व्ही. पी. माधवराव १९०४ मध्ये त्रावणकोरचे दिवाण झाले. त्यांच्याच कारकिर्दीत लोकप्रतिनिधींची श्री मूलम प्रजासभा स्थापन झाली आणि पुढे कुमारन आशान त्या सभेचे सदस्य म्हणून आपल्या समाजाचे प्रश्न तेथे मांडू लागले. बंगळूरच्या साथीने एकत्र आणलेली माणसे त्रावणकोरच्या राजकारणात पुन्हा एकमेकांच्या वाटेवर आली.

१९१८ मध्ये इन्फ्लुएन्झाची महासाथ आली. जूनमध्ये मुंबई बंदरात उतरलेली ही साथ सप्टेंबरनंतर उग्र झाली आणि तिने भारतात सव्वा कोट ते दोन कोट माणसे नेली, असे अंदाज संशोधकांनी बांधले आहेत. १९२१ च्या जनगणनेत देशाची लोकसंख्या दहा वर्षांपूर्वीपेक्षा कमी भरली. भारताच्या जनगणनेच्या इतिहासात असे दशक दुसरे नाही. मुंबई शहराच्या नोंदींतून पुढे आलेले आकडे तर पल्पू यांच्या आयुष्याचाच सारांश सांगतात. इन्फ्लुएन्झाने मेलेल्यांचे प्रमाण दर हजारी मोजले तर युरोपियनांत ते ८.३, पारशांत ९.०, सवर्ण हिंदूंत १८.९ आणि खालच्या मानल्या गेलेल्या जातींत ६१.६ होते. विषाणू तोच होता. दाट वस्ती, अपुरे अन्न, दूरचे पाणी आणि न मिळणारा डॉक्टर यांनी एका शहरातील माणसांच्या जिवाचे मोल सातपटींनी बदलले. कोविडनंतर साथींवर झालेल्या अभ्यासांनीही विषाणूइतकेच लक्ष घराच्या आकाराकडे, रोजगाराच्या स्वरूपाकडे आणि उपचाराच्या अंतराकडे दिले आहे. बेंगळुरूत तर सांडपाण्याच्या नमुन्यांतून विषाणूचा माग काढून वस्तीवस्तीतील संसर्ग ताडण्याचे प्रयत्न झाले. नळी, यंत्र आणि पद्धत बदलली. साथ कोणत्या वस्तीत आधी मुरते, हा प्रश्न बदललेला नाही.

अखेरचा दिवस

म्हैसूरच्या सेवेतून निवृत्त झाल्यावर पल्पू तिरुवनंतपुरमला परतले. ज्या राज्याने त्यांना चाकरी दिली नाही, तेथेच त्यांचे उत्तरायुष्य गेले. तेथे त्यांनी बरेच काही बदलताना पाहिले. १९२४-२५ मध्ये देवळाभोवतालच्या रस्त्यांवरून चालण्याच्या हक्कासाठी वैक्कमचा सत्याग्रह झाला. १२ नोव्हेंबर १९३६ रोजी त्रावणकोरच्या महाराजांनी मंदिरप्रवेशाची घोषणा केली आणि पेट्ट्यातील मुलाला ज्या देवळांकडे पाहत दूर उभे राहावे लागले होते, ती त्याच्या समाजाला खुली झाली. नारायण गुरू १९२८ मध्ये गेले होते. त्याआधी १९२४ मध्ये कुमारन आशान यांना नौका-अपघातात जलसमाधी मिळाली होती. बंगळूरच्या घरातील त्या तिघांपैकी हा दिवस पाहायला पल्पू एकटेच उरले होते.

२५ जानेवारी १९५० रोजी, वयाच्या ८७ व्या वर्षी, डॉ. पल्पू यांचे निधन झाले. दुसऱ्या दिवशी भारताचे संविधान अमलात आले. त्यातील सोळाव्या अनुच्छेदाने सरकारी नोकरीत जातीच्या कारणाने कोणालाही अपात्र ठरविण्यास मनाई केली आणि सतराव्याने अस्पृश्यता नष्ट केली. साठ वर्षांपूर्वी एका तरुण डॉक्टरने त्रावणकोर सरकारकडे जे मागितले होते, ते देशाच्या सर्वोच्च कायद्याने प्रत्येक नागरिकाला दिले. मधल्या काळात त्या डॉक्टरने आपली विद्या दुसऱ्या संस्थानातील लोकांसाठी वापरली होती, आणि बंगळूरच्या हजारो मुलांच्या दंडांवर तिच्या खुणा राहिल्या होत्या.